वाळलेली पेस्ट आन् विलासचं स्थळ

कम्पुटरच्या पंख्यात धूळ कशी साचती बघा. कुणी टाकत न्हाई, तरी साचती. विलासच्या दुकानातले किस्से माझ्यापाशी तसंच साचल्यात. जरा फुंकर मारली की उडत्यात!

विलास मूळचा निमोण्याचा. दौंडात स्टेशनमागच्या गल्लीत त्यानं कम्पुटर दुरुस्तीचं दुकान टाकलं व्हतं. पोरगा गुणाचा, पण लग्न जमंना. पाव्हणं यायचं, "नोकरी कुठाय?" इचारायचं, चहा प्यायचं आन् जायचं. मी रिकामा म्हातारा, त्याच्या पंख्याखाली बसून ऱ्हायचो. एक दिस त्यानं माझ्या हातात फडकं दिलं. "आप्पा, बसल्या बसल्या पुसा!"

पुसायचं काय? कम्पुटरचा मेंदू म्हंजी प्रोसेसर, बिस्किटाएवढा. तो तापतो म्हणून त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळा बसवत्यात, हीटसिंक, आन् त्यावर पंखा. दोघांच्या मधी पांढरी पेस्ट. ती वाळून खडंग झाली की कम्पुटर तापून बंद! मग स्पिरिटनं जुनी पुसायची, नवी लावायची.

दुपारचं स्पिरिट बोटाला गार लागायचं. लांब रेल्वेच्या यार्डात डब्याला डबा लागायचा, ठाण्ण... आन् मला फडक्यासकट डुलकी यायची. सपनात सुद्धा मी पुसतच असायचो.

* * *

एकदा शाळेचं गुरुजी कम्पुटर घिऊन आलं. "सारखा बंद पडतोय."

विलासनं ठोकळा काढला. खाली पांढरं थापलेलं, वाळून तडे गेलेलं. मी स्पिरिट लावलं, घासलं, आन् थांबलो. वास वळखीचा!

"गुरुजी, हे कुणी लावलं?"

"मीच. घरी पेस्ट व्हती की."

"कुठली?"

गुरुजींनी मान खाली घातली. "दात घासायची."

म्हणलं, "तरीच! कम्पुटर गरम झाला, पण त्याच्या तोंडाला वास म्हणून न्हाई!"

* * *

कधी कधी पेस्ट अशी धरायची की ठोकळा निघंना. मग विलास म्हणायचा, "आप्पा, ऊन दाखवा." ऊन लागलं की पेस्ट मऊ पडायची. मी पाटी घिऊन गच्चीवर. तिथं शेजारच्या शांतामावशीच्या कुरडया वाळत घातलेल्या. त्यांच्या कडंला मी माझा माल मांडला.

मावशीनं ठोकळा उचलला, पात्यांतनं आभाळ बघितलं. "आप्पा, हे वो काय?"

"शेवेचा साचा, मावशी. नवीन निघालाय."

"आन् पीठ कुठनं घालायचं?"

"पंख्याच्या बाजूनं!"

मावशी लई वेळ इचार करत उभी. मग म्हणली, "दिवाळीला द्या बरं का एक."

* * *

विलास कामात बुडला की मी हळूच म्हणायचो, "विलास, सासरा आला!" दचकून आधी केसांवरनं हात फिरवायचा. दर बारीला! मग मला फडकं फेकून मारायचा.

एक दिस त्यानं घाईत ठोकळा ओढला, तर खाली चिकटलेला प्रोसेसरच उपसून आला. त्याच्या खालच्या बारीक पिना वाकल्या. गडी सुई घिऊन एकेक पिन सरळ करत बसला, श्वास रोखून. मी दाराकडं बघितलं.

"विलास, सासरा आला."

"आप्पा, आज न्हाई हं! हात हालंल."

"आरं, खरंच आला!"

* * *

दारात खुटबावचं पाव्हणं, हातात छत्री, मागं पोरगी. रेल्वेतनं रिटायर झालेला माणूस, ह्याला पगारीच जावई पायजे व्हता. म्हणून पोरगी बघायला आपल्या घरी या म्हणलं न्हाई. "आधी पोराचा धंदा बघतो," म्हणलं, आन् पोरीला बी संगं आणलं.

"जयभीम."

"जयभीम मामा, बसा," विलास म्हणला. पिना सरळ झाल्या व्हत्या, आता तो वरची बाजू पुसत व्हता. अर्ध्यावर सोडता येईना.

"काय करताय?"

"जुनी पेस्ट पुसतोय."

"मग?"

"मग नवी लावायची."

"आन् ती वाळली म्हंजी?"

"परत पुसायची."

पाव्हण्यानं माझ्याकडं बघितलं. "म्हंजी भांडी घासणंच की!"

मला हसू आलं. विलासचं तोंड पडलं. पुसलेला प्रोसेसर त्यानं टेबलावर ठिवला. पाव्हणं छत्री घिऊन उठलं. "चल गं, गाडी चुकंल."

पोरगी हाललीच न्हाई. उन्हाची तिरीप त्या बिस्किटाएवढ्या पत्र्यावर पडलेली, चांदीवानी. ती वाकली, त्यात बघून कपाळाची टिकली सरळ केली. पंखा फिरत व्हता. यार्डातनं ठाण्ण आलं.

मग तिनं बोट दाखवलं. "हितं कोपऱ्यात ऱ्हायलंय."

विलासनं फडकं तिच्याम्होरं धरलं. तिनं स्पिरिटची बाटली उघडली, फडकं भिजवलं आन् पुसाय लागली.

पाव्हण्यानं दारातनं दोघांकडं बघितलं. छत्री भिंतीला टेकवली.

"आप्पा, चहा सांगा. गाड्या काय, दिसभर असत्यात!"