बिनविरोधला गुलनारची हरकत

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो, तेव्हा सतीशचा फोन आला. "गुल गेली," एवढंच म्हणाला... फावडं बर्फातच खोचून मी त्याच्या घरी चालत गेलो. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात सतीशची बायको गुलनार ही एकटीच मध्य आशियातली. तिच्या देशाचं नाव लिहीत नाही, कारण तिची धाकटी बहीण अजून तिथल्या शाळेत शिकवते.

गुलनारही तिथं गणित शिकवायची. सत्तेत वर्षानुवर्षं एकच पक्ष. तिच्या लहानपणी त्याचं नाव वेगळं होतं, माणसं तीच, असं ती हसून सांगायची. विरोधी उमेदवारही रीतसर उभा राहायचा आणि भाषणात सत्ताधाऱ्यांचीच स्तुती करायचा. मतमोजणी शिक्षकांकडे असे. एका निवडणुकीत पेट्या उघडण्याआधीच मुख्याध्यापकांनी आकडे भरलेला निकालाचा कागद सहीसाठी पुढे केला. बाकीच्यांनी सह्या केल्या, हिनं केली नाही. नोकरी गेली, मग देशही सुटला. शिकागोच्या एका हॉस्पिटलात ती लॅबमध्ये लागली आणि तिथं भूल देणारा आमचा सतीश तिला भेटला.

हे सगळं मला कळलं ते माझी खुर्ची हलल्यावर. तोवर मी सलग नऊ वर्षं मंडळाचा अध्यक्ष, दर वेळी बिनविरोध. आपल्या लोकांना त्या शब्दाचं भारी कौतुक, मलाही होतं. वार्षिक सभेत मी नेहमीप्रमाणे "कुणाची हरकत?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या विषयाकडे वळलो. तेवढ्यात मागून एक हात वर आला. गुलनारबाईंनी अध्यक्षपदासाठी स्वतःचं नाव दिलं. मी चिडलो. चहाच्या वेळी तिला गाठून म्हणालो, "काय यार गुल, सगळं स्मूथली चाललंय, उगाच इश्यू कशाला करतेस?"

ती सावकाश, एकेक शब्द नीट लावत म्हणाली, "तुम्ही चांगले आहात, अरुणभाऊ. आमचे मुख्याध्यापकही चांगलेच होते. लोकांची हात वर करायची सवय मोडली, की मग चांगल्या माणसांचंही काही खरं नसतं."

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. तिला सात मतं पडली, त्यात सतीशचं नव्हतं, हे त्यानंच मला नंतर सांगितलं. पुढे दर वर्षी ती उभी राहायची, हरायची आणि स्वतः केलेला पुलाव सगळ्यांना आग्रहानं वाढायची. मला राग यायचा, खरं सांगतो, लाजही वाटायची. कारण तिच्यामुळे दर वर्षी आपण काय केलं आणि काय नाही, ते मला उभं राहून सांगावं लागायचं. आजारपणातल्या शेवटच्या भेटीत आवाज पार खोल गेलेला, तरी तिनं विचारलं ते अर्ज भरायची तारीख कधी आहे, हेच.

परवा वार्षिक सभा झाली. मी या वर्षी थांबायचं ठरवलं होतं आणि मंडळातल्या तरुण निखिलला मीच अध्यक्षपदासाठी तयार केलं होतं. सेक्रेटरी म्हणाल्या, गुलनारला ट्रिब्यूट म्हणून या वर्षी तरी कॉन्टेस्ट नको, बिनविरोध करू या. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिच्या नावानं, आणि हे? "कुणाची हरकत?" त्यांनी विचारलं.

मी हात वर केला आणि माझं नाव दिलं.

"काका, तुम्हीच तर मला उभं केलंत," निखिल गोंधळून म्हणाला.

"हो. आता मला हरव. सेक्रेटरी, चिठ्ठ्या वाटा."