जावयाची जागा

गुंद गावात त्याला उमाजी म्हणून हाक मारणारं माणूस एकच, त्याचा सासरा येसाजी. बाकी गावाला तो जावय. बाजारकुणंगकडनं घरजावई होऊन आला तेव्हा मिसरूड फुटत होतं. आता मिशीत पांढरं शिरलं, तरी 'काय जावयबा, पेज झाली का?' हे काही सुटलं नाही. तो 'झाली' म्हणायचा आणि पुढं चालायचा. झाली नसली तरी झाली म्हणायचा.

घर येसाजीचं, शेत येसाजीचं, मानही येसाजीचा. आणि गुंदला मान म्हणजे काय, तर देवळाच्या पडवीत कोण कुठं बसतो ते. खांबाला पाठ लावून गावकर भिकाजी. त्याच्या उजव्या हाताला येसाजी. मग एकेक घर उतरत उतरत पायरीपर्यंत यायचं, आणि अगदी पायरीशी, जिथं पागोळ्यांचं पाणी अंगावर उडतं तिथं, जावय. विडा त्याच क्रमानं फिरे. बोलणंही त्याच क्रमानं. गावकराच्या आधी कुणी तोंड उघडायचं नाही, आणि बोलणं पायरीपर्यंत येईस्तोवर सगळं बोलून झालेलं असायचं. उमाजी तेवढी मान हलवायचा.

भातानं कणीस धरलं की गुंदला राखण बसते. सगळ्यांची शेतं एकाच दरीत, दरीच्या तोंडाशी किंदळीचं झाड, झाडावर माळा. डुकरं, गवे तिकडूनच उतरतात. घरटी राती वाटलेल्या. एका साली उमाजी जंगलखात्याची लाकडं ओढायला गाडी घेऊन गेला होता आणि मागं त्याच्या घरच्या राती आल्या. त्याचा पोरगा लखू म्हणाला, मी बसतो. पोरगा तसा हाताशी आलेला. रातभर ओल्या कांबळ्यात बसला. सकाळी हाका मारल्या तरी उतरेना म्हणून माणसं वर चढली, तर अंग तापानं फुललेलं. दोन दिवसांत आटोपलं. उमाजी गाडी घेऊन परत आला तेव्हा बैल सोडायच्या आधीच लोकांनी त्याला सांगितलं. त्यानं आधी बैल सोडले. त्यांना पाणी दाखवलं. मग घरात गेला.

तेव्हापासून तो किंदळीकडं फिरकला नाही. शेताला जायचा तोही वरच्या बांधानं, झाड आडोशाला राहील असा. त्याची बायको रुक्मा रडून रडून मोकळी झाली. ह्याच्या आत मात्र कुणीतरी ओलं गोणपाट टाकून ठेवल्यागत झालं. त्याखालनं काही हलायचं नाही, काही वर यायचं नाही. पुढच्या साली राखणीला निघायचं म्हणून कांबळं घेतलं आणि उंबऱ्यातच उभा राहिला. पाय उचलेनात. शेवटी म्हातारा येसाजीच काठी टेकत गेला, माळ्यावर चढला, आणि त्या चढण्या-उतरण्यात कमरेतनं गेला, तो पुन्हा चाललाच नाही. उमाजीनं हे पाहिलं. पुन्हा आपल्या घरातलं कुणी त्या झाडावर चढायचं नाही, एवढं एकच त्याच्या मनात राहिलं.

त्याच्या पुढच्याच साली पत्ते आले.

जर्मनची लढाई सुरू झाली त्याच्या आगेमागे. परशू गाडीवान कॅसलरॉकला जायचा, तिथं रेल्वेची माणसं तीन पानांचा डाव खेळत. त्यानं एक जोड आणला आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पडवीत मांडला. राती वाटताना दर साली भांडणं व्हायची, तर गावकर म्हणाला, खेळून वाटू. घरटी मूठभर सुपाऱ्या, जेवढ्या राती तेवढ्या. प्रत्येकानं आधी एक सुपारी मधी टाकायची. परशूनं तीन-तीन पानं वाटायची. मग क्रमानं बोलायचं: पानं बरी असतील तर आणखी एक सुपारी टाकायची, नसतील तर पानंच टाकून द्यायची. शेवटाला जे उरतील त्यांनी उघडायचं, वरचढाचा ढीग. आपण ज्याची सुपारी जिंकली, त्याच्या डोक्यावर आपली एक रात गेली.

परशूनं तेव्हाच सांगितलं होतं, "वाटप दर डावाला फिरवायचं असतंय. बोलायची सुरवात बी फिरती."

"म्हंजे माज्या आदी झिलू बोलनार?" गावकर भिकाजी म्हणाला.

पडवी हसली. झिलू म्हणजे भावांपासून नुकता वेगळा निघालेला गडी, जावयाच्या शेजारच्या जागेचा.

"बोलतो की," झिलू म्हणाला. "काय बोलायचं त्येवढं आदी तुमी सांगा, आज्जा."

परत हसले. वाटप काही फिरलं नाही. देवाचा विडा जसा, तसा डाव. पहिला मान गावकराचा.

येसाजी पत्त्याला हात लावायचा नाही. चार जणांनी उचलून आणला की आपल्या जागी विडा चघळत बसे, आणि घराच्या वतीनं खेळायचा जावय, पायरीवरून.

पहिल्याच दिवशी उमाजीला कळलं. कुणी शिकवलं नाही. तो नुसता बघत होता, त्याला दुसरं काही करायचं नव्हतं. भिकाजीला पहिल्यांदा बोलावं लागे. कुणाच्या हातात काय, कसला म्हणून माग नाही. काळोखात काठी फिरवल्यागत. मानाचा माणूस, सारखी पानं तरी कशी टाकणार? टाकायचा सुपारी. त्याच्या पुढचे त्याच्याकडं बघून टाकत, त्याच्या पुढचे त्या दोघांकडं बघून. असं करत करत बोलणं पायरीशी यायचं तेव्हा सगळा गाव बोलून झालेला असायचा. सगळ्यांनी पानं टाकली असली तर उमाजीनं नुसती सुपारी ठेवायची आणि ढीग ओढायचा; हातात काही असो नसो. कुणी दोघं ठाम बसले असले तर आपली सत्त्यांची जोडीसुद्धा गपचीप टाकून द्यायची. तीच सत्त्यांची जोडी कधी ढीग आणायची, कधी उमाजी तिच्याकडं बघायचाही नाही. पानं तीच. ऐकून मग बोलायचं, एवढाच फरक.

त्यात त्याच्या तोंडावर काही दिसत नसे. लोक म्हणत, जावय लई आतल्या गाठीचा. आतल्या गाठीचा कसला? आत काही नव्हतंच.

दर साली तो आपल्या सगळ्या राती लोकांच्या डोक्यावर घालून घरी यायचा. रुक्मा विचारायची, "किती आल्या?" तो म्हणायचा, "न्हाई आल्या." मग ती भाकरी थापायला बसायची. म्हणायची, नशीब हाय हातात.

मग एका उन्हाळ्यात येसाजी गेला.

दसरा जवळ आला तशी भिकाजीनं निरोप धाडला: येसाजीची जागा मोकळी ठेवायची नाही. जावयानं वर येऊन बसावं, नाही तर मान येसूच्या घराकडं सरकेल. येसूचं घर म्हणजे तिसऱ्या जागेचं. कितीक वर्षं एक हात वर सरकायला टपलेलं.

रुक्मा कंद सोलत होती. निरोप ऐकून तिच्या हातातली सुरी थांबली.

"बसायचं," ती म्हणाली.

उमाजी सोललेले कंद टोपलीत भरायला लागला.

"आवं, काय म्हनते मी? बाची जागा हाय."

"तितनं मला खेळ जमायचा न्हाई."

"खेळ काय जाग्यात असतोय? हातात असतोय."

त्यानं तोंड उघडलं. हे कसं सांगायचं ते त्याला येईना. पहिल्यांदा बोलणं आणि शेवटाला बोलणं, ह्यात काय आहे, हे पायरीवर बसल्याबिगर कुणाला कळायचं? आणि ती पायरीवर बसली नव्हती. ती येसाजीची लेक होती.

"लखू न्हाई," रुक्मा म्हणाली. "बा न्हाई. आता ह्या घराचं म्हनून त्येवढंच हाय. त्ये बी येसूला द्यायचं व्हय?"

"न्हाई," उमाजी म्हणाला. "बसतो."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो गावकराच्या उजव्या हाताला बसला. भिकाजीनं पानसुपारी पुढं केली आणि मोठ्यानं म्हणाला, "घ्या, उमाजी." पडवीतली माणसं बघत होती. बायकांच्या घोळक्यात रुक्मानं पदर तोंडाला लावला. उमाजीनं विडा तोंडात घातला. त्याला चुना लागला, बाकी काही लागलं नाही.

इथं ऊब होती. पाठीला भिंत होती. आणि समोर सगळ्यांची तोंडं बंद होती.

डाव सुरू झाला. भिकाजीनं सुपारी टाकली, लागलीच उमाजीची पाळी. मागच्या कुणी अजून पानं उचललीही नव्हती. त्यानं टाकली आणि हरला. पुढच्या वेळी पानं बरी असून भीतीनं फेकली, तर सगळ्यांनीच फेकली आणि ढीग गेला पायरीकडं. पायरीवर आता झिलू होता. पहिले काही डाव तो कसाही खेळला. मग त्याची मान एका बाजूनं दुसरीकडं फिरायला लागली, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं. उमाजीनं ते ओळखलं. तीच मान इतकी वर्षं त्याची होती.

त्याच्यापुढच्या सुपाऱ्या उतरत गेल्या.

"वाटप फिरवूया," उमाजी म्हणाला.

पडवीतली तोंडं त्याच्याकडं वळली. जावय कुणी न विचारता बोलला हे पहिल्यांदाच.

"आजच मान भेटला," भिकाजी म्हणाला, "आनि आजच फिरवायला निगालासा? मान काय गाडीचं चाक हाय व्हय?"

"असू द्या की हाय तसं," पायरीवरनं झिलू म्हणाला. "मला हितं बरं वाटतंय. वारा लागतोय."

लोक खदखदून हसले. परशू एकटा हसला नाही. त्यानं पत्ते पिसले.

शेवटी उमाजीकडं दोन सुपाऱ्या राहिल्या. एक आधीची म्हणून मधी गेली. पानं उचलली: सत्त्यांची जोडी आणि एक तिर्री. भिकाजीनं सुपारी टाकून मिशीवरनं हात फिरवला होता. उमाजीनं समोर पाहिलं. येसू आपली पानं छातीशी धरून बसलेला, त्याच्या खालचे तसेच, आणि पार तिकडं पायरीशी झिलू, त्यानं अजून उचललीच नव्हती. ह्या जागेवरनं ती जोडी चांगली की वाईट, हे देवालाही सांगता आलं नसतं. पानं टाकली असती तरी उरलेली सुपारी पुढच्या डावाला जाणारच होती. त्यानं ठेवली.

बाकीच्यांनी फेकली. झिलूनं मग पानं उचलली, भिकाजीकडं बघितलं, उमाजीकडं जरा जास्त बघितलं, आणि सुपारी ठेवली.

भिकाजीचं नुसतंच राजा-दश्शी. उमाजीच्या सत्त्या. झिलूची गुलामांची जोडी.

"उमाजीमामा," ढीग ओढताना झिलू म्हणाला, "त्या जाग्यावर बसून तुमी तरी काय करनार?" त्यात चिडवणं नव्हतं. उमाजीनं मान हलवली. पायरीवर असता तर झिलूची सुपारी पडलेली बघून त्यानं सत्त्या गपचीप टाकल्या असत्या.

आपल्या राती होत्याच, वर लोकांच्याही आल्या. पहिली त्याच संध्याकाळची.

तो घरी आला तेव्हा रुक्माला कळलं होतं. तिनं कांबळं झटकून ठेवलं होतं, मडक्यात निखारे भरले होते.

"तुमास्नी म्हाईत हुतं? तितं बसल्यावर असं हुनार म्हून?"

"व्हय."

"मग बसलासा कशाला?"

"तुज्या बाची जागा."

तिनं मडकं उचललं आणि त्याच्या मागनं निघाली. वरच्या बांधापाशी, जिथनं तो नेहमी वळायचा, तिथं दोघंही थांबली. ऊन डोंगरामागं गेलं होतं. भात पिवळं पडायला लागलेलं. तिनं मडकं त्याच्या हातात दिलं.

"मी हितंच हाय," ती म्हणाली.

पाय उचलले. कसे उचलले ते त्याला कळलं नाही. दुसऱ्याच कुणाचे असल्यागत तो त्यांच्याकडं बघत गेला. माळा ह्या सालचा नवा होता, हिरव्या बांबूचा. मडकं अडकवून तो वर चढला, बसला. खाली शेतात डुकरांना हाकायचा चिरलेला बांबू उभा होता, माळ्यापर्यंत आणलेली दोरी ओढली की फट्ट वाजणारा. तो मात्र जुना. दर साली माळा नवा बांधत, पण वाजतोय म्हणून बांबू कुणी बदलला नव्हता. दोरीच्या टोकाला गाठ होती, उलट्या पिळाची. लखू डावखुरा होता.

उमाजीनं गाठ बोटांत धरली. काही होईल म्हणून थांबला. काही झालं नाही. मग त्यानं दोरी ओढली.

फट्ट आवाज दरीभर गेला आणि परत आला. बांधावर रुक्मा उभी होती ती खाली बसली. डुकरं यायला अजून पुष्कळ वेळ होता, खाली कणसं तशीच उभी होती. त्यानं परत दोरी ओढली.