वीस किलोपर्यंत

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, देवासमोरही नाही. तुम्हाला सांगतोय, पण रडवेला होऊन वगैरे नाही. मला राग आलाय — माझाच. तो आता आत मावत नाही.

सई, माझी मुलगी, तेव्हा दहा वर्षांची होती. जेसल पार्कच्या चौपाटीवर तिने दोन मुलींना स्केटबोर्डवर बघितलं आणि घरी येईपर्यंत एकच — बाबा, मला पण. मी तेव्हा इंद्रलोकमधल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. कंपाउंडमध्ये चाकांचे खेळ बंद, ही नोटीस माझ्याच सहीची. समोरच्या गुजराती भाभी लिफ्टमध्ये म्हणाल्याच, "काय भाऊ, सेक्रेटरीची बेबी फिरणार, ने आमची पोरं बघत बसणार?" सगळे हसले. मीही हसलो.

नाही म्हणता आलं असतं. थोडा वेळ रडली असती, संपलं असतं. पण मला चांगला बापही राहायचं होतं ना! आणि सोसायटीत मी एक गोष्ट शिकलो होतो — नको असलेल्या ठरावाला विरोध करायचा नाही. हो म्हणायचं, आणि तो चालणारच नाही अशा रीतीने मंजूर करायचा. गच्चीवरच्या बागेचं मी तसंच केलं होतं. मंजुरी दिली, पाण्याचा नळ दिला नाही.

मी आकड्यांचा माणूस. स्केटबोर्डचंही सगळं वाचून काढलं. फळी किती रुंद हवी, चाकं मऊ का हवीत, वजन किती पेलायला हवं. चांगला कोणता, ते मला पक्कं कळलं होतं. मग मी घेतला काय? पातळ प्लॅस्टिकचा, कडक चाकांचा. दुकानदाराने विचारलंही, "ये छोटे बच्चों का है साहब. बेबी कितनी बडी है?" मी म्हणालो, "छोटीच है."

खाली लेबल होतं — वीस किलोपर्यंत. सई बत्तीस किलोची. ते लेबल मी रिक्षात बसून नखाने खरवडून काढलं. कळतंय ना? चुकून नव्हतं.

खाली कंपाउंडमध्ये ती चढली की फळी वाकायची, चाकं घासून अडकायची; ते फिरणंच नव्हतं, म्हणून कुणी तक्रारही केली नाही. ती पडायची. उठायची. गुडघे सोलले तरी पुन्हा चढायची. मी बाल्कनीतून बघत होतो — कशाची वाट बघत होतो? ती कंटाळण्याची. पण ती कंटाळली नाही. एका संध्याकाळी बोर्ड माझ्या पायाशी ठेवून म्हणाली, "बोर्ड चांगलाय बाबा. मलाच जमत नाही."

आणि मी — हलकट माणूस — तिच्या डोक्यावर हात फिरवून म्हणालो, "सगळ्यांनाच नाही जमत गं."

मग ती सायकलही शिकली नाही. शाळेच्या नाचात मागच्या रांगेत उभी राहिली, स्वतःहून. प्रत्येक वेळी मला ते खरवडलेलं लेबल दिसलं.

परवा म्हणालो, कॉलेजला जायला स्कूटी घेऊ. या वेळी सगळे आकडे काढून ठेवले होते, खरे. तिने बघितलेही नाहीत. हसली.

"नको रे बाबा. मला बॅलन्सच नाही. तूच बघितलंयस ना लहानपणी?"

बघितलं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "बरं. रिक्षाने जा."