पेशींनी मारलेली हाक

मागच्या वर्षी आमच्या ह्यांचे डोळे पिवळे झाले. हिपॅटायटिस बी निघाला. डॉक्टर म्हणाले, ‘‘विश्रांती घ्या. मोठ्या माणसाचं शरीर बहुधा हा विषाणू स्वतःच हुसकावतं. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू.’’ तोवर गेला नाही, तर त्याचा मुक्काम बहुतेक कायमचा.

हातावर हात ठेवून बसणं माझ्या रक्तात नाही. आमच्या जळगावकडे कावीळ म्हटली की एरंडाच्या पानांचा रस, तोही अनशापोटी. इथे उत्तरेत, आमच्या मानक नगरच्या रेल्वे कॉलनीमागेही एरंड माजलेलाच असतो. पाला खुडला, मिक्सरमधून काढला. ह्यांनीही मुकाट्याने पेला घेतला. जन्मभर इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, नुसतं पडून राहणं त्यांनाही जाचत होतं.

लेकीने पेला काढून घेतला. ती इथल्याच एका प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींवर काम करते. जन्मापासून इथेच वाढलेली; मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत.

‘‘आई, लिवर पहले से लड़ रहा है. उसका काम मत बढ़ाओ.’’

मग पलंगावर बसून तिने आम्हाला समजावलं. विषाणू शिरला की पेशीला परक्याची चाहूल लागते. ती इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बाहेर सोडते. गल्लीत चोर शिरल्यावर पहिल्या घराने बोंब मारावी, तसं. शेजारच्या पेशी सावध होतात आणि आपल्या आत विषाणूच्या नकला निघू देत नाहीत. इतकं शांतपणे सांगत होती, की मला रागच आला. बाप अंथरुणाला खिळलाय आणि ही शाळा घेतेय! पण रस मी मोरीत ओतला. त्या दिवसापासून आम्हा दोघांना झोपही बरी लागू लागली.

सहा महिन्यांनंतरचा रिपोर्ट गोमती नगरच्या तपासणी केंद्रातून तीच घेऊन आली. विषाणू गेला होता.

हे खुशीत म्हणाले, ‘‘म्हणजे माझ्या पेशींनी सणसणीत बोंब मारली तर!’’

ती हसली आणि हसता हसता रडायलाच लागली.

‘‘नहीं बाबा. ये वाला वायरस अलार्म बजने ही नहीं देता. चुपचाप घुसता है, शरीर को बहुत देर से पता चलता है.’’

‘‘अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?’’ मी विचारलं.

‘‘तुम दोनों चैन से सोने लगे थे ना,’’ ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, चक्क मराठीत, ‘‘मी एकटीच घाबरत होते, आई.’’