साळवे साहेबांची चार बर्थची गाडी

"मॅडम, चार बर्थ पाहिजेत. किचन पाहिजे, शॉवर पाहिजे. आम्ही लेहपर्यंत जाणार आहोत."

साळवे साहेबांनी स्वतः काढलेलं ड्रॉइंग माझ्या टेबलावर पसरलं. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. त्यांच्या पत्नी लताकाकू शेजारी गप्प बसल्या होत्या.

मी चिकलठाणा एमआयडीसीत एका बॉडी बिल्डिंगच्या शेडमध्ये डिझाइन बघते. आम्ही मोटरहोम बांधतो, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असलेली गाडी. माझं पहिलं काम ड्रॉइंग नसतं, प्रश्न असतात. माणसं किती? सलग किती रात्री? चालवणार कोण? त्यावरून गाडी ठरते. बसच्या चॅसीवर बांधलेली गाडी ऐसपैस असते, पण तिचा फ्लोअर उंच. तीन पायऱ्या चढाव्या लागतात आणि गल्लीत ती वळत नाही. छोट्या व्हॅनमध्ये दोघंच मावतात, पण एका पायरीत माणूस आत.

"सलग किती रात्री, साहेब?"

"महिना, दीड महिना."

काकूंनी पदर ओढून डावा हात झाकला. साहेब आमच्या मालकांबरोबर, शेठबरोबर, शेड बघायला गेले, तेव्हा काकूंनी तो हात पुढं केला. मनगटाजवळची शीर फुगलेली, वर सुयांच्या खुणा.

"मंगळवारी आन् शुक्रवारी डायलिसिस असतं माझं. दोन वर्षं झाली."

"मग लेहला कसं जाणार काकू?"

"ते त्यांचं बोलणं. मला लई लांब नाय जायचं, बाई. जायकवाडीच्या पाण्याकाठी गाडी लावायची. आडवं पडल्या पडल्या पाणी दिसलं पायजे. एक रात्र. तेवढं लई झालं."

"मी सांगू का साहेबांना?"

"नको. दोन बर्थ पोरांसाठी धरलेत त्यांनी. पोरं काय येत नाय. पण ते मी कशाला बोलून दाखवू?"

मी सांगितलं नाही. पण दोन दिवसांत छोट्या व्हॅनचं ड्रॉइंग केलं. खाली एक पलंग, त्याला लागून मोठी खिडकी, आत टॉयलेट. साहेबांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय? अॅम्ब्युलन्स आहे का ही?"

मी कागद गुंडाळला. नंतर शेठ म्हणाले, "मॅडम, त्यांना पाहिजे ते द्या. आपण बॉडी बांधतो, संसार नाही."

छोटी गाडी दीड महिन्यात झाली असती. मोठीला सात महिने लागले. दोनशे लिटरची पाण्याची टाकी म्हणजे दोनशे किलो वजन. त्यात चार बर्थ, फ्रिज, बॅटऱ्या. मागच्या अॅक्सलवर भार जास्त झाला, म्हणून आरटीओच्या पासिंगला गाडी परत आली. आम्ही टाकी पुढं सरकवली, किचन पुन्हा बांधलं. साहेब दर शनिवारी टेप घेऊन यायचे. काकू एकदाही आल्या नाहीत. मी "काकू कशा आहेत?" विचारायचे, ते "ठीक" म्हणायचे. त्या सात महिन्यांत मला बोलायला किती शनिवार मिळाले, ते आता मोजवत नाही.

डिलिव्हरीला काकू आल्या. निम्म्या झाल्या होत्या. त्यांनी दांडी धरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरी जमेना. तीनदा करून बघितलं.

"ऱ्हाऊ द्या. इथूनच बघते."

मी खुर्ची आणली. त्या दारासमोर बसल्या. साहेब एकटेच आत गेले आणि मोठ्यानं एकेक गोष्ट दाखवू लागले. "हा फ्रिज बघ. हा नळ बघ." काकू बाहेरून मान डोलवत होत्या. "लई छान केलंय हो."

मग आतला आवाज थांबला. बराच वेळ ते बाहेर येईनात, म्हणून मी आत गेले. साहेब खालच्या बर्थवर बसले होते.

"तिला दोन-तीन रात्रींच्या वर कुठं नेता येत नाही, हे मला माहीत होतं मॅडम. छोटी गाडी घेतली असती तर ते कबूल केल्यासारखं झालं असतं."

मी समोरच्या बर्थवर टेकले.

"ते तुमचं ड्रॉइंग आहे का अजून?"

"आहे."

"किती दिवस लागतील?"

"दीड महिना. मी लवकर करते."

दुसऱ्याच दिवशी व्हॅन कामाला घेतली. शेठनीही अडवलं नाही. चौथ्या आठवड्यात फ्लोअर झाला, पलंग बसला. खिडकीसाठी पत्रा कापायला घेतला, तेव्हा साहेबांचा फोन आला.

"मॅडम, खिडकी राहू द्या. बघणारी राहिली नाही."

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

मोठी गाडी पुढं एका टूरवाल्यानं घेतली. साहेब परत शेडमध्ये आले नाहीत.

आता मी नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारते. ज्याच्यासाठी गाडी आहे, त्याला आधी शेडमधल्या गाडीच्या पायऱ्या चढायला लावते. आणि कुणी "त्यांना सांगू नका" म्हटलं, तर सांगते. लोक नाराज होतात. एक-दोन ऑर्डरी त्यापायी गेल्याही. शेठ म्हणतात, यात अर्धा दिवस वाया जातो.

जातो.