जर्मनीच्या नगराध्यक्षांना आमचं पत्र

आमच्या गावातून जर्मनीला पत्र गेलं होतं, असं मी आजही कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो. हसू द्या. पत्र मी लिहिलं होतं आणि त्याला उत्तरही आलं होतं!

तेलगावकडच्या आमच्या गावात बायकांची दूधसंस्था होती. एकवीस सभासद, अध्यक्ष माझी आई. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. वैरण मिळेना, गाई आटल्या, काहींनी तर जनावरांना बाजार दाखवला. दूध इतकं कमी झालं की तालुक्याच्या साहेबांनी निरोप धाडला, सभा घ्या आणि संस्था बंद करायचा ठराव पाठवा. आईच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायका आणि गावातल्या बायका एका सतरंजीवर बसत, अशी गावात ही एकच जागा होती. ती गेली तर परत कोण कुणाला बोलावणार होतं?

बीडच्या प्रशिक्षणात एका साहेबांनी आईला सांगितलं होतं की खेड्यातला सहकार जर्मनीत, ऱ्हाईन नदीकाठच्या एका शहराकडे सुरू झाला. तिथल्या एका नगराध्यक्षांनी उपासमारीच्या वर्षी लोकांना एकत्र करून भाकरीची सोय केली आणि पुढे पतसंस्था काढल्या. त्या शहराचं नाव आईने वहीत उतरवून आणलं होतं. एका सकाळी ती वही तिने माझ्यापुढे टाकली.

"लिही त्यायला पत्र. दुष्काळात मानसं कशी धरून ठेवली, इचार."

"अगं, ते वाचतील तरी का?"

"कावून न्हाई वाचणार? अध्यक्षाचं पत्र हाय, अध्यक्षाला."

मी अकरावीत होते. गावात इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी. पण रुबाब विचारू नका! शब्दकोश मांडीवर घेऊन तीन दिवस खपले आणि पानभर पत्र लिहिलं. ते नगराध्यक्ष हयात आहेत का, हा प्रश्न आईला पडला नाही आणि मलाही नाही. आमच्याकडे खुर्चीत बसलेला माणूस उठलेला कुणी पाहिला होता?

मग वाट पाहणं सुरू झालं. पोस्टमनकाका मला पाहून सायकल दुसऱ्या गल्लीत वळवायला लागले. आईने सभा दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्यांदा चालणार नाही, असं तालुक्याच्या साहेबांनी बजावलं, आणि सभेच्या आदल्या दिवशी पाकीट आलं! जाडजूड, त्यावर परदेशी तिकिटं. मी नाचायचीच बाकी होते. पण आईने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"संस्थेला आलेलं पत्र सभेत फोडायचं."

दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या बायका आल्या. मी उभी राहून पाकीट फोडलं. आत एक पत्र आणि एक रंगीत पुस्तिका होती, त्या शहरात शतकानुशतकं होऊन गेलेल्या मोठ्या माणसांची. पत्र मी मनात वाचलं. तिथल्या नगराध्यक्षांच्या कार्यालयातल्या बाईंनी फार मायेने लिहिलं होतं की तुम्ही ज्यांना पत्र पाठवलंत, ते वारून शंभरेक वर्षं झाली.

धीर होईना, म्हणून मी आधी पुस्तिकाच दाखवायला घेतली. पहिले एक सुतार बापलेक, राजेरजवाड्यांसाठी चोरकप्प्यांची कपाटं करणारे. "चोरकप्पा तर माझ्या सासूच्या कणगीतबी व्हता," एक काकू म्हणाल्या आणि हशा पिकला. मग अमेरिकेच्या रानावनात जाऊन तिथल्या मूळच्या लोकांमध्ये राहिलेला राजपुत्र. "घरी कुणी बोललं न्हाई व्हय त्याला?" पुढच्या पानावर दाढीवाले नगराध्यक्ष आले आणि सगळ्या गुडघ्यांवर उठून बघायला लागल्या.

"हेच का ते? काय म्हणत्यात?"

आता सुटका नव्हती. मी एका दमात सांगून टाकलं. ते वारलेत. त्यांची नजर गेली होती, तेव्हा लेक त्यांचं लिहिणंवाचणं करायची. त्यांनी सुरू केलेलं काम मात्र तिथं अजून चालू आहे.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. ज्या काकू ठराव मांडणार होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "मग आपल्याला कोण सांगणार?"

आई उठली. तिला कधी भाषण जमलं नाही, त्या दिवशीही जमलं नाही. ती माझ्या हातातलं पत्र घेऊन सगळ्यांना दाखवत नुसतं बोलली. "मानूस मरून शंभर वर्सं झाली, तरी त्याच्या जागंवरून उत्तर येतंय. अन् आपण जित्या असून कुलूप लावायचं?"

ठराव मांडणाऱ्या काकूंनी कागदाची चारदा घडी घातली आणि तो चोळीत खोचला. सभा तिथेच संपली. मी तर आनंदाने आईला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला संस्थेसमोर रांग लागली. मी मोजलं, एकवीसच्या एकवीस जणी होत्या. त्यातल्या आठजणींच्या किटल्या रिकाम्या होत्या.