उम्मीसाठी बुक केलेलं पाणी

“मॅडम, उम्मी बाहर नहीं आ रही.”

हमद ग्रीसच्या एका बेटावरून बोलत होता. उम्मी म्हणजे त्याची आई, वय सत्तर. मी इकडे मस्कतला, रुवी भागातल्या ऑफिसात, समोर डबा उघडलेला. ऑगस्ट महिना. या महिन्यात आमच्या धंद्यात जेवण वेळेवर होत नाही, ते सोडा.

मी गेली पंधरा वर्षं मस्कतमध्ये ट्रॅव्हल कन्सल्टंट आहे. उन्हाळा तापला की इथली माणसं गार समुद्र शोधत ग्रीस, इटली, पोर्तुगालला जातात. त्यांची हॉटेलं मी बघते. हमद जुना क्लायंट, चांगला माणूस, आणि हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार बोलतो. या वेळी त्याची मागणी वेगळी होती. उम्मी सूरच्या. सूर हे ओमानमधलं जुनं बंदराचं गाव. लहानपणी त्या समुद्रात डुंबायच्या. लग्नानंतर ते सुटलं. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वाळूतून चालवत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, “मरायच्या आधी एकदा खाऱ्या पाण्यात बसायचंय.” इथल्या बीचवर बसायला त्या तयार नव्हत्या. सगळे ओळखीचे, कोण ना कोण भेटतंच.

म्हणून मी शोधून शोधून ग्रीसच्या एका हॉटेलातला सूट काढला. सूटला स्वतःचा पूल, पुलात समुद्राचं पाणी, पायऱ्यांना रेलिंग. चारी बाजूंनी उंच झुडपांचं कुंपण. हलाल जेवण विचारलं, बाथरूममध्ये जेट-स्प्रे विचारला, नमाजासाठी किब्ल्याची दिशासुद्धा विचारली. माझं मलाच कौतुक वाटलं होतं.

“का येत नाहीत बाहेर?” मी विचारलं.

“मॅडम, ऊपर बाल्कनी है. चार. लोग बैठे हैं.”

फोन ठेवला आणि हॉटेलच्या वेबसाइटवरचा त्या पुलाचा फोटो परत उघडला. सुंदर फोटो. अख्खा पूल दिसत होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. अख्खा पूल दिसायला फोटो काढणारा उभा कुठे होता? वरच्या बाल्कनीत! अगं बाई, तीन महिने तो फोटो माझ्या स्क्रीनवर होता.

आता इथली घरं बघा. मी राहते त्या वादी अदाई वस्तीतही घराभोवती पुरुषभर उंच भिंत असते. शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणारी खिडकी कोणी ठेवत नाही. मी रोज त्या भिंतींमधून चालत बसस्टॉपला जाते. दुसऱ्या कोणा एजंटने ही चूक केली असती तर मी त्याला शहाणपण शिकवलं असतं. पण इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी आमच्या मॅनेजर वर्गीस साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “सुजाता, बोलो हॉटेल का मिस्टेक है. हमारा नहीं.”

“साहेब, हॉटेलने फोटो दाखवला होता. बघितला मी.”

“तो भी मत बोलो.”

मी हॉटेलच्या निकोसला फोन लावला. तो गेस्ट रिलेशन्सला, म्हणजे पाहुण्यांच्या तक्रारी ऐकणारा. बिचारा तोही थकलेला. हॉटेल फुल. आडोशाचे व्हिला टेकडीवर, तेही भरलेले.

“मॅडम, वरून कोणी मुद्दाम बघत नाही,” तो म्हणाला.

“बघत नसतील हो. पण त्या बाईला सारखं मान वर करून तपासावं लागेल ना? ती पाण्यात कशी बसणार?”

 तो पुलावर दोन मोठ्या छत्र्या लावतो म्हणाला. लावल्या. दुपारी वारा सुटला आणि एक छत्री थेट पुलात. उम्मी आत, पडदे बंद. सात दिवसांच्या मुक्कामातले दोन दिवस गेले.

त्या संध्याकाळी हमदचा परत फोन. साहेबांचं वाक्य ओठांवर आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण तो माणूस आईला घेऊन एवढ्या लांब गेला होता. मला लाज वाटली. मी सांगून टाकलं, “हमद भाई, गलती मेरी है. मैंने ऊपर देखा ही नहीं.”



“खलास, मॅडम. जो हुआ सो हुआ. अब क्या करेंगे, वो बोलो.”

तिसऱ्या दिवशी मी निकोसच्या मागेच लागले. तुमच्या स्पामध्ये इनडोअर पूल आहे ना? उघडायच्या आधी तासभर द्या. काचांना पडदे लावा. आत एकही पुरुष नको. तो म्हणाला, लाइफगार्ड पुरुष आहे, त्याच्याशिवाय परवानगी नाही. घोडं तिथे पेंड खात होतं. दुपारी त्याचाच फोन आला. मसाज करणाऱ्या एलेनीकडे लाइफगार्डचं सर्टिफिकेट आहे आणि ती तासभर लवकर यायला तयार आहे. मी त्याला फोनवरच हात जोडले. दिसणार नव्हते, तरी जोडले.

उरलेल्या चारही दिवशी सकाळी उम्मी पाण्यात उतरल्या. हमदचा मेसेज आला, “अल्हम्दुलिल्लाह.” साहेबांनी फाइलवर ‘क्लायंट सॅटिस्फाइड’ लिहून टाकलं.

पंधरवड्याने ते दोघं ऑफिसात आले, हलव्याचा डबा घेऊन. उम्मी माझ्यासमोर बसल्या, माझा हात हातात घेतला. एलेनीने कसं धरून उतरवलं, गुडघा कसा दुखला नाही, सगळं सांगितलं. मी म्हटलं, “तो अच्छा लगा ना, उम्मी?”

“बहुत अच्छा, बेटी.” मग थांबल्या. एलेनीची, माझी, कोणाची तक्रार वाटू नये म्हणून अगदी हळू म्हणाल्या, “बस, पानी में नमक नहीं था.”

 स्पाच्या पुलात नळाचं पाणी असतं, हे मला माहीत होतं. त्या घाईत त्यांना ते सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

आता कुठलंही हॉटेल असो, माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: याच्या वर कोण राहतं? साहेब हसतात. हसू देत. पंधरा वर्षांत जो प्रश्न सुचला नाही, तो सत्तर वर्षांची बाई दोन दिवस पडदे लावून बसली तेव्हा सुचला.